डेटाबेससाठी ब्राउझरमधले साधन कसे निवडावे: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात सुट्या भागांच्या साठ्याचा हिशेब माझ्याकडे आला, तेव्हा डेटाबेस हा शब्द मी केवळ ऐकून होतो. पुढे काही वर्षांनी ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयाची सभासद नोंदवही आणि पुस्तकांची देवघेव संगणकावर आणण्याच्या कामात मी मदत केली. दोन्ही ठिकाणी रिलेशनल डेटाबेस, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत माहिती ठेवणारा संग्रह, होता आणि दोन्ही ठिकाणी तो ब्राउझरमधून पाहता व दुरुस्त करता यावा, अशी मागणी होती. मी सुरुवात केली ती ‘दिसायला सोपे साधन कोणते’ या प्रश्नापासून, आणि त्यात बराच वेळ वाया गेला. टेबले उघडणे, नोंदी दाखवणे, क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवणे ही कामे सगळीच साधने करतात. त्यांच्यातील खरा फरक हात चुकल्यानंतर दिसतो. म्हणून या लेखातील पायऱ्या मी त्याच अंगाने लावल्या आहेत. आपण लहान संस्थेचे, दुकानाचे किंवा कारखान्याचे काम पाहत असाल आणि पूर्ण वेळ डेटाबेस सांभाळणारा माणूस आपल्याकडे नसेल, तर हे आपल्यासाठीच लिहिले आहे.

१. वेब साधनाची गरज खरोखर आहे का, ते आधी ठरवा

एकच माणूस, एकाच संगणकावरून डेटाबेस पाहणार असेल, तर ब्राउझरमधल्या साधनाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डीबीव्हर, हायडीएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल वर्कबेंच यांसारखी संगणकावर बसवायची साधने विनामूल्य मिळतात, आणि सर्व्हरवर (डेटाबेस ज्या संगणकावर चालतो त्यावर) आणखी एक दार उघडे ठेवण्याची जोखीम त्यांत येत नाही. वेब साधन उपयोगी पडते ते दोन-तीन माणसे वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करत असताना, किंवा डेटाबेस भाड्याच्या होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर, असून त्याच्याशी बाहेरून थेट जोडणी करण्याची परवानगी नसताना.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही साधने डेटाबेस सांभाळणाऱ्यासाठी असतात, रोजच्या नोंदी करणाऱ्यासाठी नव्हेत. वाचनालयातील काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी पुस्तक दिल्या-घेतल्याची नोंद अशा साधनात थेट टेबल उघडून करावी, हा प्रस्ताव आमच्याकडेही आला होता, कारण त्यात वेगळा प्रोग्रॅम लिहून घेण्याचा खर्च वाचत होता. मी त्याला ठाम विरोध केला. नोंदी भरण्यासाठी, मर्यादित रकाने दाखवणारा साधा फॉर्मच हवा. ज्या पडद्यावर पूर्ण टेबल पुसून टाकण्याचे बटण एका क्लिकच्या अंतरावर आहे, तो पडदा दिवसभर गर्दीच्या काउंटरवर उघडा असता कामा नये.

२. हाताशी असाव्यात अशा गोष्टी

निवड करायला बसण्यापूर्वी पुढील माहिती एका कागदावर लिहून काढा. ती नसेल तर होस्टिंगवाल्यांकडून किंवा ज्यांनी डेटाबेस बसवला त्यांच्याकडून मागून घ्या.

– डेटाबेसचे नाव आणि आवृत्ती: मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट, आणि पुढचा आकडा.
– सर्व्हरवर पीएचपी (अनेक वेब साधने ज्या भाषेत लिहिलेली असतात ती) आहे का व कोणत्या आवृत्तीचे. डॉकर (तयार बांधलेले सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालवणारे साधन) चालवण्याची मुभा आहे का. एसएसएचने (सर्व्हरला दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या मार्गाने) आत जाता येते का.
– डेटाबेसचा एकूण आकार, आणि सर्वांत मोठ्या टेबलातील नोंदींची संख्या.
– कोण कोण साधन वापरणार आणि प्रत्येकाने नेमके काय करायचे आहे, त्याची यादी.
– चालू डेटाबेसची एक प्रत, जी पूर्ण बिघडली तरी कोणाचे काही अडणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत आधी मिळवा. साधनांची चाचणी चालू डेटाबेसवर घेण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण प्रत तयार करायला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस द्या.

३. डेटाबेस पाहून यादी लहान करा

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल, तर बहुतेक वेळा पीएचपीमायअ‍ॅडमिन आपल्यासमोर आधीपासूनच असते. १९९८ पासून चालत आलेले हे साधन सीपॅनेल हे व्यवस्थापनाचे पान असलेल्या होस्टिंगमध्ये आणि झॅम्पसारख्या (वेब सर्व्हर, डेटाबेस व पीएचपी एकत्र देणाऱ्या) संचात बसवलेलेच येते, त्यामुळे अनेकांना डेटाबेस म्हणजेच पीएचपीमायअ‍ॅडमिन असे वाटू लागते. ते तसे नाही. डेटाबेस वेगळा चालतो आणि हे त्याच्याकडे पाहण्याचे एक दालन आहे. ते काढून टाकले तरी आपली माहिती जागेवर राहते. त्याची बलस्थाने म्हणजे भरपूर सोयी, टेबलांमधील नाती चित्ररूपात दाखवणारे डिझायनर, आणि अडचण आली की उत्तर शोधायला सापडणारे प्रचंड साहित्य. उणीव एवढीच की पडद्यावर इतकी बटणे असतात की नवख्याला कोणते हाताळू नये हे कळत नाही.

अ‍ॅडमिनर हे याच्या उलट टोकाला आहे. संपूर्ण साधन एकाच पीएचपी फाइलमध्ये मावते, ती फाइल सर्व्हरवर ठेवली की काम सुरू होते, आणि मायएसक्यूएलखेरीज पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, एमएस एसक्यूएल यांच्याशीही ते बोलते. पासवर्ड नसलेल्या डेटाबेसला ते आपणहून प्रवेश नाकारते, ही त्याची सवय मला फार आवडते. मात्र ही एक फाइलची सोयच त्याचा धोका आहे: कोणीतरी घाईत फाइल चढवतो, काम करतो आणि ती तिथेच विसरतो. ४.६.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत असा दोष होता की आक्रमक स्वतःच्या बनावट मायएसक्यूएल सर्व्हरशी आपल्या अ‍ॅडमिनरला जोडून आपल्या सर्व्हरवरील फाइली वाचू शकत असे. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला, पण विसरलेली जुनी फाइल आपोआप सुधारत नाही.

पोस्टग्रेस असेल तर पीजीअ‍ॅडमिन ४ हा सरळ मार्ग. ते पायथॉनवर चालते, संगणकावर एकट्यासाठीही बसवता येते आणि सर्व्हरवर अनेकांसाठीही. अ‍ॅडमिनरच्या तुलनेत ते जड आहे. लहान, स्वस्त सर्व्हरवर ते संथ वाटू शकते. पण पोस्टग्रेसच्या खास गोष्टी, म्हणजे स्कीमा (टेबलांचे गट), भूमिका (खाती व त्यांचे अधिकार), क्वेरी कशी चालते याचा आराखडा, या सर्व त्यात व्यवस्थित दिसतात.

संस्थेत दोन-तीन प्रकारचे डेटाबेस असतील आणि वापरणारेही अनेक असतील, तर क्लाउडबीव्हर पाहा. डीबीव्हरची ही ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे, आणि त्यात साधनाचीच वेगळी वापरकर्ता-खाती देता येतात. ते बसवण्याचा सोपा मार्ग डॉकरचा आहे. येथे एक सापळा आहे: पहिल्यांदा उघडल्यावर प्रशासकाचे खाते तयार करणारा पडदा येतो, आणि जो तो पडदा प्रथम उघडतो तोच प्रशासक होतो. म्हणून बसवून ठेवले आणि ‘उद्या सेटिंग करू’ म्हणून घरी गेलो, असे करू नका.

एसक्यूलाइटसाठी वेब साधनाची गरज मला क्वचितच दिसली आहे. डेटाबेस म्हणजे एकच फाइल असल्याने तिची प्रत घेऊन ती संगणकावर उघडणे पुरेसे असते.

साधन कोठे बसवावे, याबद्दलही गोंधळ होतो. साधन आणि डेटाबेस यांच्यात सतत लहान लहान बोलणी चालू असतात, तर ब्राउझरला केवळ तयार पान मिळते. त्यामुळे साधन आपल्या ठाण्यातील कार्यालयाजवळ असण्यापेक्षा डेटाबेसजवळ, शक्यतो त्याच सर्व्हरवर किंवा त्याच जाळ्यात असणे चांगले. आमच्याकडे साधन रबाळ्यातील कार्यालयाच्या संगणकावर आणि डेटाबेस परदेशी होस्टिंगवर, अशी मांडणी काही महिने होती. टेबलांची यादी उघडायलाही आम्ही थांबत असू आणि दोष साधनाला देत असू.

४. चूक मागे घेता येते का, हे तपासा

ही पायरी मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक येथेच झाली.

कारखान्यातील सुट्या भागांच्या किमती ५ टक्क्यांनी वाढवायच्या होत्या. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने जाताना मी मोबाइलवरच पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडले आणि सर्व किमतींना १.०५ ने गुणणारी अपडेट क्वेरी चालवली. ऐरोलीच्या आसपास नेटवर्क गेले, पडद्यावर उत्तर आले नाही, म्हणून नेटवर्क परतताच मी तीच क्वेरी पुन्हा चालवली. प्रत्यक्षात पहिली क्वेरी सर्व्हरपर्यंत पोहोचून पूर्ण झाली होती. परत आले नव्हते ते केवळ उत्तर. दोन वेळा गुणाकार होऊन किमती १०.२५ टक्क्यांनी वाढल्या, आणि हे आमच्या लक्षात आले ते दुपारी एका जुन्या ग्राहकाने दरपत्रकावर हरकत घेतली तेव्हा. उलट भागाकार करून भागले असते असे वाटेल, पण किमती दोन दशांश स्थळांपर्यंत साठवलेल्या असल्याने प्रत्येक गुणाकारात पैसे वरखाली झाले होते. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून किमतींचा रकाना परत आणावा लागला.

यामागील यंत्रणा समजून घ्या. पीएचपीवर चालणारी साधने प्रत्येक विनंतीसाठी डेटाबेसशी नवी जोडणी उघडतात आणि उत्तर देऊन झाले की ती मिटवतात. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट, मात्र जोडणीशी बांधलेले असते. त्यामुळे पीएचपीमायअ‍ॅडमिन किंवा अ‍ॅडमिनरमध्ये आधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचे, मग बदल करायचा, तो डोळ्यांनी पाहायचा आणि पटला नाही तर रोलबॅक करायचे (बदल मागे घ्यायचा), असे तीन वेगळ्या टप्प्यांत करता येत नाही. सगळे एकाच वेळी, एकाच खिडकीतून पाठवावे लागते. पुस्तकात वाचलेली ट्रान्झॅक्शनची पद्धत येथे चालत नाही म्हणून नवख्यांना वाटते की आपलेच काही चुकते आहे, तसे नसते.

पीएचपीमायअ‍ॅडमिनने यावर दोन उपाय दिलेले आहेत, आणि ते पुष्कळांना माहीतच नसतात. अपडेट किंवा डिलीट क्वेरी लिहिल्यावर ‘सिम्युलेट क्वेरी’ हे बटण दाबले, तर किती नोंदींवर परिणाम होईल ते प्रत्यक्ष बदल न करता दिसते. ही सोय एका टेबलावरच्या क्वेरीपुरती आहे, तरी रोजच्या कामाला ती पुरते. दुसरी म्हणजे क्वेरी संपताच रोलबॅक करण्याची खूण, जी चौकटीच्या खाली असते. ही रोलबॅकची सोय टेबल इनोडीबी प्रकारचे (इनोडीबी ही टेबल साठवण्याची एक पद्धत) असले तरच उपयोगी पडते. २०१० मधील मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हाच नेहमीचा प्रकार झाला, पण त्याआधीपासून चालत आलेल्या डेटाबेसमध्ये मायआयसॅम टेबले अजून सापडतात, आणि त्यांत रोलबॅक नावाची गोष्टच नाही. टेबलांच्या यादीत प्रकाराचा रकाना असतो, तो आजच पाहा.

पीजीअ‍ॅडमिनची क्वेरी खिडकी मात्र आपली जोडणी उघडी ठेवते. त्यात ऑटो कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का करणे) बंद करता येते, आणि मग कमिट व रोलबॅकची बटणे खरोखर काम करतात. शिवाय पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणेसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये बसते, तर मायएसक्यूएलमध्ये रचना बदलणारी किंवा टेबल काढून टाकणारी आज्ञा आधीचे सर्व बदल पक्के करून टाकते. पीजीअ‍ॅडमिनच्या या सोयीची किंमत अशी की ट्रान्झॅक्शन अर्धवट ठेवून जेवायला गेलात, तर त्या नोंदींवर कुलूप राहते आणि दुसऱ्याचे काम अडते.

साधन कोणतेही असो, मी त्या दिवसापासून दोन नियम पाळतो. पहिला, अपडेट किंवा डिलीट लिहिण्यापूर्वी तीच अट घालून सिलेक्ट (नोंदी फक्त दाखवणारी आज्ञा) चालवायचे आणि नोंदींची संख्या मोजायची. दुसरा, सर्व नोंदींवर होणारा बदल असा लिहायचा की तो चुकून दोनदा चालला तरी नुकसान होऊ नये. किमतींच्या टेबलात मी दरवाढीच्या तारखेचा एक रकाना घातला. क्वेरी ज्या नोंदींत ती तारीख नाही त्यांनाच हात लावते आणि त्याच वेळी तारीख भरते. दुसऱ्यांदा चालवली तर तिला बदलण्यासारखी एकही नोंद सापडत नाही.

याच पायरीत आणखी एक तपासणी करा. ज्या टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखता येईल असा रकाना) नाही, त्यात पीएचपीमायअ‍ॅडमिन नोंदींसमोरची बदलण्याची व पुसण्याची बटणे देत नाही, आणि पीजीअ‍ॅडमिनमध्येही अशा टेबलातील मजकूर थेट बदलता येत नाही. नवखी माणसे याला साधनातील बिघाड समजतात. नोंद नेमकी ओळखता येत नसेल तर ती बदलू न देणे हेच योग्य आहे. उपाय साधन बदलण्याचा नाही, टेबलाला की देण्याचा आहे.

५. मराठी मजकुराची परीक्षा घ्या

प्रतीत पाच-सहा नावे घालून पाहा: ज्ञानेश्वर, कृष्णा, ऋता, कांबळे, आणि ‘तऱ्हा’सारखा एखादा शब्द. जतन करा, शोधा, बाहेर काढा, परत आत आणा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर मजकूर जतन होतानाच नष्ट झाला आहे आणि तो परत मिळत नाही. वेड्यावाकड्या रोमन खुणा दिसल्या, तर मूळ मजकूर बहुधा शाबूत आहे, वाचणारा तो चुकीच्या पद्धतीने वाचत आहे. अशा वेळी काहीही ‘दुरुस्त’ करण्यापूर्वी थांबा.

मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी नव्या डेटाबेसची लिपी-मांडणी आपोआप लॅटिन-१ अशी धरली जाई, ज्यात देवनागरी मावत नाही. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर डेटाबेस तयार करताना यूटीएफ-८ ची एमबी-४ ही मांडणी आपण स्वतः निवडली पाहिजे. केवळ यूटीएफ-८ असे नाव असलेला जुना पर्याय एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरे त्यात बसतात, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते, आणि एखाद्या सभासदाने अभिप्रायात इमोजी घातला की जतन करताना त्रुटी येते.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल बाहेर काढून ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, तर मराठी बिघडलेली दिसण्याची शक्यता मोठी असते. फाइल चांगली असते. एक्सेलमध्ये ‘डेटा’ विभागातून मजकूर फाइल आयात करून लिपी यूटीएफ-८ निवडली की नावे नीट दिसतात. तीच फाइल एक्सेलमधून परत आणताना अधिक काळजी घ्या, कारण ००१२ हा सभासद क्रमांक १२ होतो, आणि आपल्या वहीतील दिवस-महिना-वर्ष असा दिनांक डेटाबेसला वर्ष-महिना-दिवस असा हवा असतो.

क्रमवारीबाबत एक गोष्ट ग्रंथालयांना विशेष जाणवेल. युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या क्रमांकयादीत) ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड संचातली मराठीची वेगळी क्रमवारी निवडता येते. तसेच ‘तऱ्हा’मधील ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एका प्रकारे लिहिलेले दुसऱ्या प्रकारे शोधले तर सापडेलच असे नाही. आमच्याकडे एकाच लेखकाच्या दोन नोंदी तयार झाल्या त्या यामुळेच.

६. बॅकअप घ्या, आणि तो उभा करून पाहा

बॅकअपचे बटण प्रत्येक साधनात आहे, त्यामुळे तेवढ्यावर निवड करू नका. घेतलेला बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये परत उभा करून पाहा. वाचनालयाच्या कामात एका उत्साही स्वयंसेवकाने दर रविवारी न चुकता बॅकअप घेतला होता. तो उभा करून पाहिला तेव्हा सभासद पूर्ण होते आणि देवघेवीचे टेबल मध्येच तुटलेले होते, कारण होस्टिंगच्या सर्व्हरने वेळमर्यादा संपताच काम थांबवले होते आणि ब्राउझरने अर्धी फाइल मुकाट्याने जतन केली होती. फाइलीचे नाव बरोबर, तारीख बरोबर, आकारही मोठा. संशय यावा असे काहीच नव्हते. मायएसक्यूएलडंप या आज्ञेने घेतलेल्या फाइलीच्या शेवटी डंप पूर्ण झाल्याची ओळ येते. ती पाहण्याची सवय लावून घ्या, आणि साधनातून घेतलेल्या फाइलीतही शेवटचे टेबल पोहोचले आहे का ते पाहा.

परत आणताना उलट अडचण येते. पीएचपीमध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी आणि एका विनंतीची ८ एमबी असते. होस्टिंगवाले ती वाढवून देतात, पण आपल्याकडे किती आहे ते आयातीच्या पानावरच लिहिलेले असते, ते वाचा. फाइल जीझिपने लहान करून चढवता येते. डेटाबेस शेकडो एमबींचा असेल, तर ब्राउझरचा नाद सोडून एसएसएचने आत जाऊन आज्ञेद्वारेच बॅकअप घ्यावा आणि उभा करावा. माझ्या मते रात्रीचा नियमित बॅकअप तसाही वेळापत्रकानुसार सर्व्हरवर आपोआपच घेतला पाहिजे. साधनातला बॅकअप हा मोठा बदल करण्यापूर्वीची तात्पुरती प्रत म्हणून ठीक आहे.

पीजीअ‍ॅडमिन वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. ते बॅकअपसाठी पीजीडंप हा पोस्टग्रेसचाच प्रोग्रॅम वापरते, आणि तो सर्व्हरपेक्षा जुन्या मुख्य आवृत्तीचा असेल तर बॅकअप घेण्यास नकार देतो. दुसरे, अशा एका डेटाबेसच्या बॅकअपमध्ये वापरकर्ता-खाती येत नाहीत; ती वेगळी घ्यावी लागतात. नव्या सर्व्हरवर सर्व उभे केल्यावर अधिकारांच्या त्रुटी दिसल्या, तर कारण हे असते.

७. खाती आणि अधिकार

रूट (सर्व अधिकार असलेले) खाते कोणालाही रोजच्या वापरासाठी देऊ नका, स्वतःलाही नाही. साधनात जे खाते घालून आपण प्रवेश करता, त्याचेच अधिकार साधनाला मिळतात, म्हणून साधन सुरक्षित आहे की नाही याचे अर्धे उत्तर खात्यात असते. वाचनालयात आम्ही तीन खाती केली: अहवाल पाहणाऱ्या कार्यवाहांसाठी केवळ वाचण्याचे, नोंदी दुरुस्त करणाऱ्यासाठी वाचणे-भरणे-बदलणे एवढेच, आणि रचना बदलण्याचे तिसरे, ज्याचा पासवर्ड दोनच माणसांकडे आहे. मधल्या खात्याला टेबल काढून टाकण्याचा अधिकार नसल्याने त्या पडद्यावरचे लाल बटण दाबले गेले तरी डेटाबेस नकार देतो.

मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाची, वेगवेगळ्या यजमानांसाठी (जोडणी जेथून येते त्या संगणकांसाठी) वेगवेगळी खाती असू शकतात. सर्व्हरवरून येणारा ‘अ’ आणि बाहेरून येणारा ‘अ’ हे डेटाबेसच्या दृष्टीने दोन जण आहेत, पासवर्डही दोन असू शकतात. पासवर्ड बरोबर असून प्रवेश नाकारला जात असेल, तर प्रथम हे तपासा.

८. साधन सर्वांसाठी उघडे ठेवू नका

सर्व्हरचे लॉग (आलेल्या विनंत्यांच्या नोंदी) एक दिवस उघडून पाहा. पीएचपीमायअ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिनर यांचे नेहमीचे पत्ते अनोळखी यंत्रे सतत ठोठावत असतात. पत्त्याचे नाव बदलल्याने ही गर्दी कमी होते, पण ते कुलूप नव्हे. एचटीटीपीएस हवेच, त्याखेरीज साधनाच्या आधी वेब सर्व्हरचा वेगळा पासवर्ड लावावा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ४.८ आवृत्तीपासून दुहेरी ओळख-तपासणीची सोय आहे, ती चालू करावी. ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश देण्याचा उपाय कारखान्यात चालला, कारण तिथे पत्ता स्थिर होता. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत असल्याने वाचनालयाच्या स्वयंसेवकांना तो उपयोगी पडला नाही. तिथे आम्ही साधन सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरच चालू ठेवले आणि एसएसएच टनेलमधून (त्याच सुरक्षित मार्गातून) त्यापर्यंत जाण्याची पद्धत लावली. एकदा शिकवायला अर्धा तास लागतो. ३३०६ आणि ५४३२ ही अनुक्रमे मायएसक्यूएल व पोस्टग्रेसची पोर्टे (जोडणीची दारे) तर बाहेरच्या जगाला दिसताच कामा नयेत.

सभासदांचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक ही वैयक्तिक माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तिची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. होस्टिंग घेताना लॉग किती दिवस ठेवले जातात, हे विचारून घ्या. अनेक स्वस्त योजनांत ते लवकर पुसले जातात.

९. निवड करा आणि बाकीचे काढून टाका

आम्ही काय केले ते सांगतो. कारखान्यात मायएसक्यूएल होते, वापरणारे दोघे, आणि बदल बहुतेक मोठ्या प्रमाणावरचे. तिथे सिम्युलेट क्वेरीच्या सोयीमुळे पीएचपीमायअ‍ॅडमिनच ठेवले, पण मोबाइलवरून बदल करण्यास बंदी घातली. वाचनालयाचे काम पोस्टग्रेसवर नेले, मुख्यतः मराठी क्रमवारीसाठी, आणि त्यासोबत पीजीअ‍ॅडमिन आले. स्वयंसेवकांपैकी ज्यांना फक्त नोंदी पाहायच्या होत्या, त्यांना अ‍ॅडमिनर अधिक सुटसुटीत वाटले असते, हे मला मान्य आहे. तरी दोन साधने अद्ययावत ठेवायला माणूस नसल्याने एकावरच थांबलो.

निवड झाल्यावर त्याच दिवशी चाचणीसाठी बसवलेली इतर सर्व साधने सर्व्हरवरून काढा, चाचणीची खाती डेटाबेसमधून काढा, आणि प्रतीचा डेटाबेसही पुसा, कारण त्यात खऱ्या सभासदांची खरी नावे असतात. ठेवलेल्या साधनाचे नाव, आवृत्ती आणि बसवल्याची तारीख त्याच पहिल्या कागदावर लिहा, आणि नवी आवृत्ती आली का हे महिन्यातून एकदा पाहण्याचे काम एका माणसाच्या नावावर लावा. आमच्याकडे तो कागद वाचनालयाच्या कपाटात, दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानाला टाचलेला आहे.